सुपरकारवाले जरा जास्तच लिमिटेड एडिशन काढतायत का?

कांदिवलीचा_गिअरबॉक्स

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. ह्या सुपरकारवाल्यांचं लिमिटेड एडिशनचं जरा अतीच चाललंय असं नाही वाटत का तुम्हाला? आधी कसं होतं, भिंतीवर पोस्टर लावायचं तर लॅम्बोर्गिनी काउंटाक नायतर फेरारी एफ४०, वाद मिटला. आता मोबाईल उघडला की कोणीतरी काहीतरी नवीन आणलेलंच असतं, जगात फक्त ६३, जगात फक्त ४०, जगात फक्त १०, आणि आपल्याला फोटो दिसायच्या आधीच म्हणे सगळ्या विकल्या पण गेल्या.

लॅम्बोर्गिनीचंच घ्या. रेव्हेंतोन, सेस्टो एलेमेंटो, वेनेनो, सेंटेनारिओ, सियान, मग ती नवीन काउंटाक, आणि २०२५ ला फेनोमेनो, २९ नग. बुगाटीचं तेच, शिरॉन ५०० बनवणार म्हणाले ते ठीक, पण त्या ५०० च्या बाहेर दिवो ४०, सेंटोदिएची १०, बोलीद ४०, मिस्त्राल ९९, इंजिन सगळ्यांत तेच ८ लिटरचं, १६ सिलिंडरवालं डब्ल्यू१६. मला गाड्यांचा एवढा नाद, तरी वेनेनो आणि सेंटेनारिओ बाजूबाजूला उभ्या केल्या तर दोन मिनिटं विचार करावा लागेल.

म्हणजे प्रश्न असा की हे घेणाऱ्याला फसवणं आहे का नुसता धंदा आहे? आणि आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांचा ह्यात इंटरेस्ट मरत चाललाय का फक्त माझाच? मी काय घेणार नाहीये हो, दारात बलेनो आहे आणि तिचेच हप्ते चालू आहेत. पण नाद तो नाद.

टर्बोतात्या

गिअरबॉक्सराव, प्रश्न बरोबर आहे पण आकडा बघून रागावू नका, आकडा आला कुठून ते बघा.

फेरारी २५० जीटीओ, १९६२ ते ६४, बनल्या ३६. त्या ३६ कोणी मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये बसून नाही ठरवल्या, रेसिंगसाठी गाडी हवी होती, जेवढी गिऱ्हाइकं रेस खेळणारी मिळाली तेवढ्या बनल्या. पुढे १९८४ ला २८८ जीटीओ आली ती ग्रुप बी नावाच्या रेसच्या वर्गासाठी, नियम होता की रस्त्यावर चालणाऱ्या २०० गाड्या बनवा तरच रेसला घेऊ, ह्यांनी २७२ बनवल्या. गंमत म्हणजे ८६ नंतर ग्रुप बी च बंद झालं, बिचारी कधी रेसला उतरलीच नाही. तर तेव्हा कमी गाड्या असण्याला काहीतरी कारण असायचं, रेसचा नियम असायचा, नाहीतर हाताने बनवायला वेळ लागायचा, नाहीतर घेणारेच नसायचे.

आता तुमच्या पोस्टरवाल्या एफ४० चं ऐका. १९८७ ला सांगितलं ४०० बनवणार. बनल्या १,३०० च्या वर. तिपटीहून जास्त! आज कोणी असं केलं तर वकिलाच्या नोटिसा येतील. पण एफ४० ला आज कोण नावं ठेवतं? कोणी नाही. कारण गाडीच तशी होती, आत गालिचा नाही, दार उघडायला आतून एक तार, मागे टर्बो व्ही८, बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब. १,३०० असून ती जेवढी लोकांच्या मनात आहे तेवढी २० नगांची रेव्हेंतोन आहे का? रेव्हेंतोन म्हणजे आतून लॅम्बोर्गिनीचीच आधीची मुर्सिएलागो एलपी६४०, वरून नवीन कपडे, किंमत १० लाख युरो, कर वेगळा.

आणि उलटं उदाहरण पण आहे. जॅग्वार एक्सजे२२०. १९८८ ला बर्मिंगहॅमच्या शोमध्ये दाखवली तेव्हा १२ सिलिंडरचं व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद. लोकांनी ५०,००० पौंड डिपॉझिट टाकलं. १९९२ ला हातात आली ती ६ सिलिंडरची व्ही६ टर्बो, मागच्या दोनच चाकांना ताकद, आणि मधल्या काळात मंदी. लोक कोर्टात गेले, गाडी नको म्हणून. २८० च्या आसपास बनल्या, म्हणजे एफ४० च्या पावपट सुद्धा नाही, तरी कित्येक वर्षं कोणी विचारत नव्हतं. वास्तविक गाडी जबरदस्त वेगवान होती. तर नग कमी म्हणून गाडी मोठी होत नाही आणि जास्त म्हणून लहान होत नाही, माझं एवढंच म्हणणं आहे, तुमची तक्रार नगांची नाहीये, आत नवीन काय आहे त्याची आहे.

भायखळा_बायपास

आरटीओ मध्ये ०००१ नंबर घ्यायला गेलात तर मुंबईत चारचाकीला आता ६ लाख भरावे लागतात. नंबर एकच, म्हणून ६ लाख. मग सिरीज संपते, नवीन सिरीज उघडते, आणि खिडकीवर परत एक ताजा ०००१ हजर, परत ६ लाख, घेणारा पण हजर. सुपरकारवाल्यांनी ही आयडिया आपल्याकडूनच ढापली असणार.

ताळेबंद_ठाणे

बायपासभाऊ 😂 पण खरंय ते.

मी जरा हिशोबाच्या अंगाने बघतो, धंदाच तो आपला. फेरारीने २०१३ ला वर्षभरात ६,९२२ गाड्या दिल्या, तेव्हाचे अध्यक्ष मोंतेझेमोलो यांनी मुद्दाम ७,००० च्या आत ठेवायचं ठरवलं होतं. मग २०१५ ला कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात लिस्ट झाली, आणि २०२४ ला दिल्या १३,७५२. दुप्पट! शेअरहोल्डरला दरवर्षी वाढ लागते, आणि गाड्या भरमसाट वाढवल्या तर नाव जातं, मग वाढ आणायची कुठून तर एका गाडीमागे मिळणारा पैसा वाढवा. त्याला दोन रस्ते, एक म्हणजे गिऱ्हाइकाला रंग, शिलाई, कार्बनचे तुकडे असलं काय काय विकायचं, फेरारीच्या गाड्या आणि स्पेअरच्या कमाईत साधारण पाचवा हिस्सा ह्या सजावटीचाच असतो. दुसरा रस्ता म्हणजे हे लिमिटेड प्रकरण.

आता ह्यात पैसा सुटतो कसा ते बघा. गाडी बनवण्यात खरा खर्च कुठे असतो, इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॅश टेस्ट, प्रदूषणाची सर्टिफिकेटं. हे सगळं मूळ मॉडेलवर आधीच होऊन गेलेलं असतं. त्यावर नवीन कार्बनचं अंग चढवलं, सीटा बदलल्या, दहा वीस घोडे (हॉर्सपॉवर) वाढवले की किंमत तिप्पट. वर गिऱ्हाइकाचा पैसा गाडी बनायच्या आधी खिशात. असला धंदा कोण सोडेल, मी तरी नाही सोडणार.

पण तात्या, तुमच्या ‘आधी बरं होतं’ वाल्या गटाला एक आकडा देतो. २०१३ ची लाफेरारी ४९९ होत्या, नवीन एफ८० ७९९ आहे, म्हणून लोक बोंब मारतायत की फेरारीने लाज सोडली. पण ज्या वर्षी लाफेरारी आली त्या वर्षाच्या विक्रीशी ताडून बघा, ६,९२२ मागे ४९९ म्हणजे जवळपास दर १४ गाड्यांमागे एक. एफ८० चं १३,७५२ मागे ७९९, म्हणजे दर १७ मागे एक. दोन्ही गाड्या काही एका वर्षात बनून संपत नाहीत हे मान्य, अंदाज यावा म्हणून सांगतो. आज रांगेत उभ्या असलेल्या फेरारीवाल्यांना एफ८० मिळणं हे तेव्हाच्या लाफेरारीपेक्षा कठीणच आहे, सोपं नाही.

हां, लाफेरारीची ५०० वी गाडी त्यांनी नंतर बनवलीच, २०१६ ला, इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात ७० लाख डॉलरला गेली. तिथे कोणी तोंड वाकडं केलं नाही, करू पण नये. पण त्याच वेळी छप्पर उघडणारी अपेर्ता वेगळी काढली, २१०, ती काय भूकंपासाठी नव्हती.

मला खरी गंमत वाटते मॅक्लारेनच्या एल्वाची. ३९९ बनवणार म्हणाले, मग २४९, मग १४९. कारण काहीही सांगोत, पण असा विचार करा की दुकानात माल उठत नाहीये तर भाव पाडायच्या ऐवजी दुकानदाराने निम्मा माल रद्द केला आणि उरलेल्यावर ‘आता अजून दुर्मिळ’ अशी पाटी लावली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. जास्त झालंय का, तर बाजार सांगतो, आणि फेरारीला अजून सांगितलं नाहीये, मॅक्लारेनला सांगून झालंय.

पॉलिशवाला_अंधेरी

मी अंधेरीला डिटेलिंग करतो, म्हणजे गाड्यांची बारीक सफाई-पॉलिश, रंग वाचवणारी फिल्म (पीपीएफ), सिरॅमिक कोटिंग वगैरे, त्यामुळे असल्या गाड्या हाताखालून जातात, मालकांची नावं अर्थातच सांगणार नाही आणि गाडी पण ओळखू येईल असं बोलणार नाही.

एक गाडी पावसाळ्यानंतर आली, लिमिटेडवाली, दार उघडलं की खाली उंबऱ्यावर कार्बनची पट्टी आणि त्यावर कितव्यातली कितवी ते कोरलेलं. त्या पट्टीवर कारखान्यातून येतानाचं पातळ प्लास्टिक तसंच. कडेने सुटलेलं, आत धूळ जाऊन काळी रेघ झालेली, मध्ये हवेचे फुगे. मी म्हटलं साहेब हे काढून टाकू, नाहीतर गोंद कायमचा धरेल. तर नाही. हात लावायचा नाही. पट्टीवर ओरखडा आला तर किंमत जाते म्हणे. बरं. मीटरवर चारशे-साडेचारशे किलोमीटर, बॅटरीच्या चार्जरची वायर दाराच्या फटीतून आत घेतलेली, त्यामुळे तिथला रबर दबून कायमचा खाच पडलेला, टायर एका जागी उभं राहून राहून खालून चपटे, आणि स्टिअरिंगवरच्या अल्कँटाराला, म्हणजे त्या मखमलीसारख्या कापडाला, पांढरी बुरशी. मुंबईचा पावसाळा आणि बेसमेंटचं पार्किंग, दुसरं काय होणार. बुरशी काढायलाच अख्खा दिवस गेला, मऊ ब्रश घेऊन, ओलं करायचं नाही, नाहीतर कापड बसतं.

आणि त्याच आठवड्यात लॅम्बोर्गिनीची एक साधी हुराकान आली, साधी म्हणजे आपली साधी नव्हे. बोनेटवर खडी लागून टिपके टिपके, पुढच्या बंपरचा ओठ खालून घासून घासून पांढरा झालेला कारण त्यांच्या सोसायटीचा रॅम्प उभा आहे आणि वॉचमन समोरून दुसरी गाडी सोडतो, रिमवर ब्रेकची भुकटी बोटभर. रविवारी पहाटे वरळीकडून सी लिंकवर दिसते तीच. मालक स्वतः शेजारी उभं राहून विचारत होता, हा डाग कसा आला, तो कसा आला.

मला विचाराल तर लिमिटेडचा आकडा कंपनीने २० ठेवला काय नि २,००० ठेवला काय, बेसमेंटमध्ये गेली की रस्त्यावर शून्यच. ह्यात कंपनीची चूक किती आणि घेणाऱ्याची किती ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा.

मावसभाऊ_दुबईत

एक गोष्ट कोणी बोललंच नाही, ती म्हणजे रांग. लिमिटेड गाडी पैसे असले म्हणून मिळत नाही, कंपनी बोलावते, आणि बोलावते कुणाला तर ज्याने आधी बऱ्याच घेतल्यात त्याला. आयडीप्रमाणेच माझा मावसभाऊ दुबईला असतो, त्याच्या मालकाचा किस्सा आहे. कंपनीचं नाव नको. डीलरने सांगितलं की अमुक मॉडेल घ्या, मग अमुक घ्या, मग स्पेशलसाठी तुमचं नाव वर जाईल. ह्या शेटने दोन घेतल्या, एक तर त्याला आवडतही नव्हती, रंग पण डीलरकडे पडून होता तोच घेतला, वर्षभराने तोटा खाऊन विकली. आणि स्पेशल आली तेव्हा फोन आला, सॉरी, ह्या वेळी संधी नाही, पुढच्या वेळी नक्की.

म्हणजे लिमिटेड गाडीतून होणारा फायदा त्या गाडीत नसतोच हो, तिच्या आशेने ज्या बाकीच्या गाड्या खपतात त्यात असतो. ताळेबंदसाहेब, हे तुमच्या हिशोबात धरा. आणि म्हणून एका पाठोपाठ एक काढत राहावं लागतं, कारण पुढच्या वेळी म्हणायला पुढची वेळ हवी ना.

वर घेतली तरी विकायचं स्वातंत्र्य नाही. तो कुस्तीवाला जॉन सीना, त्याने फोर्ड जीटी घेतली आणि महिन्याभरात विकली, करारात २४ महिने विकायची नाही असं लिहिलेलं. २०१७ ला फोर्डने थेट केस ठोकली, पुढच्या वर्षी मिटलं. आणि मजा अशी की फोर्डने स्वतः आधी ५०० सांगितल्या, मग १,०००, मग १,३५०. गिऱ्हाइकाने शब्द पाळायचा, कंपनीला सगळं माफ.

लालबागचा_लिव्हर

हे फक्त करोडोंच्या गाड्यांत चालतं असं नाही हां. २०१८ ला रॉयल एनफिल्डची पेगासस आठवते का, क्लासिक ५००, जगात १,०००, भारताला २५०, ऑनलाइन १७८ सेकंदांत साफ. थोड्याच दिवसांत सिग्नल्स नावाची क्लासिक ३५० आली, तोच मिलिटरी अवतार, वर एबीएस, आणि लिमिटेड पण नाही. पेगाससवाले असले भडकले होते. आणि परवा २०२५ ला महिंद्राची बीई ६ बॅटमॅनवाली, ३०० म्हणाले, मागणी बघून ९९९ केल्या, १३५ सेकंदांत संपल्या. ३०० ऐकून खूष झालेल्यांचं काय झालं असेल कोण जाणे, पण बाकी ६९९ जण खूष झाले म्हणून मी महिंद्राच्या बाजूने.

कांदिवलीचा_गिअरबॉक्स

वा, धागा तापला. लिव्हरभाऊ, तुमचा मुद्दा पटला, घेणारा खूष होत असेल तर आकडा वाढवायला हरकत नाही. पॉलिशवाले दादा, बुरशीचं वाचून अंगावर काटा आला.

पण मग मला सांगा आत्ताच्या काळात एक तरी लिमिटेड अशी आहे का जी तात्यांच्या कसोटीला उतरते, म्हणजे नुसते कपडे बदललेली नाही?

टर्बोतात्या

आहेत की. गाड्यांचा डिझायनर गॉर्डन मरे, त्याची टी.५० घ्या, १०० नग, पण त्यातलं व्ही१२ इंजिन तिच्यासाठीच बनवलेलं, तीन सीटा, चालवणारा मधोमध, मागे हवा ओढणारा पंखा, गिअर हाताने टाकायचे. दुसऱ्या कुठल्या गाडीवर बेतलेली नाही. अशी गाडी ५,००० बनवणं त्यांना जमणारच नाही, दुकानच तेवढं आहे.

पण मला जास्त आवडतो तो पोर्शेचा किस्सा. २०१६ ला ९११ आर काढली, ९९१ नग, जीटी३ आरएस चं ४ लिटरचं इंजिन, ५०० घोडे, सहा गिअरची मॅन्युअल, मागचा मोठा पंख नाही. चालवणाऱ्यांना हवी तशी. पण मिळाली कुणाला तर सट्टेवाल्यांना, आणि ताबडतोब मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव सांगायला लागले. पोर्शेने काय केलं, पुढच्याच वर्षी जीटी३ टूरिंग आणली, तसलंच इंजिन, मॅन्युअल, पंख नाही, आणि नगांची मर्यादाच नाही. या आणि घ्या. आर चे भाव धाडकन खाली. ज्यांनी गोडाऊनमध्ये भरून ठेवल्या ते रडले, ज्यांना चालवायची होती त्यांनी टूरिंग घेतली आणि डोंगरात गेले. पेगाससचं पण लिव्हर म्हणतात तसंच झालं, पण तिथे भडकणारे खरे चालवणारे होते, म्हणून मला त्यांचं वाईट वाटलं, पोर्शेवाल्या सट्टेबाजांचं काडीचं नाही.

अर्थात पोर्शे पण साधू नाही. ९११ एस/टी काढली १,९६३ नगांची, मॅन्युअल आणि हलकी, म्हणजे परत तीच तऱ्हा.

अजून एक, शब्द पाळल्याचं उदाहरण हवं तर २०२२ ला फेलिसिटी एस जहाज आग लागून अझोर्सजवळ बुडालं ना, फोक्सवॅगन ग्रुपच्या हजारो गाड्यांसकट, त्यात लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरच्या शेवटच्या बॅचच्या १५ होत्या. अव्हेंटाडोर तेव्हा बंद होत होती. लॅम्बोर्गिनीने त्या १५ परत बनवून दिल्या.

उजव्या_हाताचा_स्टिअरिंग

तुम्ही सगळे भांडताय ते ठीक, पण मुंबईत बसून ह्यातल्या निम्म्या गाड्यांचा विचारसुद्धा करता येत नाही. लाफेरारी, शिरॉन, मॅक्लारेन पी१, ह्या कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगच्या आल्या. आपल्याकडे नवी गाडी आयात करून पासिंग करायची तर स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. वीस नगांची गाडी बनवताना कंपनी उजव्या बाजूचा डॅशबोर्ड, पेडल, स्टिअरिंगचा रॅक वेगळा कशाला डिझाईन करेल, परवडतच नाही. म्हणजे जेवढी जास्त लिमिटेड तेवढी आपल्याकडे यायची शक्यता कमी. उलट ९०० नगांच्या अव्हेंटाडोर एसव्हीजे सारख्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या मिळाल्या म्हणून इकडे दिसल्या तरी. तेव्हा मी तर म्हणतो लिमिटेडचा आकडा वाढवा, ९९९ करा, निदान कोस्टल रोडवर एखादी ८० च्या स्पीडने जाताना दिसेल. त्याच्या वर गेली तर कॅमेरा आहेच.

ड्युटीचं तर बोलूच नका, गाडीची जेवढी किंमत जवळपास तेवढीच वर ड्युटी लागत आलीय. सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेना आठवा, ती लिमिटेड वगैरे काही नव्हती, सरळ सिरीजमधली गाडी, पण ड्युटी माफीवरून केवढा गदारोळ झाला होता, शेवटी १ कोटी १३ लाख फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, फियाटने, भरले. आणि तरीसुद्धा मुंबईत आजही फेरारी म्हटलं की पहिली तीच आठवते लोकांना.

सर्व्हेअर_परळ

मी मोटर इन्शुरन्सचे सर्व्हे करतो. लिमिटेड एडिशनची एक भानगड सगळ्यांनी सोडलीय ती सांगतो, घेणारे पण बऱ्याचदा सोडतात.

आपल्याकडे गाडीचा विमा आयडीव्ही वर, म्हणजे विम्याच्या कागदावर धरलेल्या गाडीच्या किमतीवर चालतो. कंपनीची विक्री किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा लावायचा, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, पाचव्या वर्षाला ५०. हे टेबल स्विफ्टला जे तेच १० कोटींच्या गाडीला. आता लिमिटेड गाडीचा अख्खा खेळ काय, तर ती घेतली की भाव वाढतो. म्हणजे चौथ्या वर्षात बाजारात ती १५ कोटींना जात असेल आणि कागदावर ६ कोटींची असेल. चोरी झाली, जळाली, टोटल लॉस झाला तर हातात कागदावरचे येणार. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसात बोलून आयडीव्ही ठरवू शकतात, पण तोपर्यंतची वर्षं मालक ज्या ‘गुंतवणुकी’बद्दल पार्टीत बोलतो तिच्यातला मोठा भाग उघड्यावर असतो.

दुसरं म्हणजे स्पेअर. साध्या मॉडेलचा बंपर यायला वेळ लागतो पण येतो. २०-४० नगांच्या गाडीचा पुढचा कार्बनचा भाग कारखान्यात साच्यातून परत काढावा लागतो, तो स्टॉकमध्ये नसतोच. सोसायटीच्या रॅम्पवर बंपरचा ओठ तुटला तर गाडी महिनोन्‌महिने उभी, आणि उभ्या गाडीचं काय होतं ते पॉलिशवाल्यांनी लिहिलंच आहे. आतलं इंजिन मूळ मॉडेलचंच असतं म्हणून तुम्ही लोक नावं ठेवताय ना, रिपेअरच्या दृष्टीने तेच सगळ्यात चांगलं आहे हो. इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग मिळतात. एक्सजे२२० किंवा टी.५० सारखी सगळीच वेगळी गाडी मुंबईत बंद पडली तर हात लावायला माणूस कुठून आणणार?

ताळेबंद_ठाणे

सर्व्हेअरसाहेब, हा मुद्दा भारी आहे, घसाऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पण रिटर्न टू इन्व्हॉइसचं ॲड ऑन घेतलं तर सुटत नाही का हा प्रश्न?

सर्व्हेअर_परळ

अर्धा सुटतो. ते ॲड ऑन बिलावरची किंमत देतं, आणि साधारण सुरुवातीची तीनेक वर्षंच मिळतं. बिल १० कोटींचं असेल तर १० कोटी, वरचा चढा भाव कोणी देत नाही. आणि त्या बाजारभावाला पुरावा काय दाखवणार, देशात तशी दुसरी गाडीच नाही तर तुलना कशाशी? परदेशातल्या लिलावाचा कागद आणून काही उपयोग होत नाही, तिथे ड्युटी नाही, तिथलं स्टिअरिंग डावीकडे.

पॉलिशवाला_अंधेरी

साहेब, आणि बेसमेंटला पाणी शिरलं तर? माझी अर्धी गिऱ्हाइकं बेसमेंटवाली आहेत, जुलै आला की फोन सुरू होतात.

सर्व्हेअर_परळ

पाण्याने सीट, वायरिंग वगैरे गेलं ते साध्या पॉलिसीत बसतं. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर मात्र इंजिन प्रोटेक्टचं ॲड ऑन वेगळं घेतलेलं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकांना एवढंच सांगा की पाणी उतरल्यावर हौसेने स्टार्ट मारून बघू नका, बॅटरीची वायर काढा, फोटो काढा आणि क्रेनवाल्याला फ्लॅटबेडच आण म्हणून सांगा, पुढची चाकं उचलून ओढायला देऊ नका. आणि तो बॅटरीचा चार्जर, तो जमिनीवर ठेवतात सगळे, तो आधी वर भिंतीला टांगायला सांगा.